आजाराचे आडनाव

जर्मन भाषेत 'कॉख' म्हणजे स्वयंपाकी, आचारी. 'श्मिट' म्हणजे लोहार, 'श्नायडर' म्हणजे शिंपी आणि 'फिशर' म्हणजे मासेमारी करणारा, म्हणजे आपला कोळीच. धंद्यावरून पडलेली ही आडनावे. आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर आडनाव बहुधा गावाचा पत्ता सांगते. चौलकर, नागावकर, थळकर, किहीमकर, दिवेकर, पेणकर. यातले काही हिंदूंत आहेत तसे बेने इस्रायली कुटुंबांतही आहेत. गाव एक म्हणून आडनाव एक, बाकी नाते काही नाही. आणि म्हात्रे, पाटील, ठाकूर तर विचारूच नका. आमच्या बाह्यरुग्ण विभागात नुसते 'म्हात्रे' म्हणून हाक मारली की बाकावरून चार जण उठतात. आडनावावरून माणूस ओळखायचा नसतो, हे केसपेपर काढणारा कर्मचारी पहिल्या आठवड्यात शिकतो.

कॉख मंडळींचेही तसेच आहे. हेल्गे फॉन कॉख हा स्वीडनचा गणिती. त्याने १९०४ मध्ये एक वक्ररेषा मांडली. जितकी बारकाईने मोजाल तितकी तिची लांबी वाढत जाते. खाड्या-खाजणांनी कातरलेला आपला किनारा मोजू पाहणाऱ्याला ती लगेच पटेल. मारिता कॉख ही पूर्व जर्मनीची धावपटू. १९८५ मध्ये कॅनबेरात तिने ४०० मीटर अंतर ४७.६० सेकंदांत पार केले. त्या काळातल्या पूर्व जर्मन खेळाडूंवर उत्तेजकांच्या संशयाची सावली आहे, पण तो विक्रम चार दशके टिकला. एड कॉख १९७८ ते १९८९ न्यूयॉर्कचे महापौर होते. कार्ल कॉख हा बुखेनवाल्ड छळछावणीचा पहिला प्रमुख. त्याची बायको इल्झ त्याच्याइतकीच कुप्रसिद्ध. गणिती, धावपटू, महापौर, खुनी. आडनाव एकच.

आपल्याकडच्या दवाखान्यांत मात्र कॉख एकच, तो म्हणजे रॉबर्ट कॉख. आणि तोही माणूस म्हणून उरलेला नाही, आजार झाला आहे. "पेशंटला कॉक्स आहे", "जुना कॉक्स दिसतोय", "पोटाचा कॉक्स असावा". कॉक्स म्हणजे कॉखचा रोग, म्हणजेच क्षय, म्हणजेच टीबी. मणक्याचा टीबी असेल तर त्याचे नाव 'पॉट्स'. पर्सिव्हल पॉट हा इंग्रज शल्यविशारद. गोळ्यांना 'एकेटी' म्हणायचे. त्यातला 'के' कॉखचाच. इंग्रजीत लिहिलेल्या आख्ख्या फायलीत टीबी हे दोन अक्षरी नाव, जे पाचवीतल्या पोरालाही कळते, एकदाही येत नाही. अशा फायली माझ्या टेबलावर नेहमी येतात.

हे का होते, ते उघड आहे. टीबी म्हटले की घरातल्यांचा चेहरा पडतो. लग्नाची मुलगी असेल तर आई हात जोडते, "डॉक्टर, कागदावर तेवढे लिहू नका." वॉर्डात दोन खाटांमध्ये दोन हात अंतर नसते. तिथे राउंड घेताना मोठ्याने 'टीबी' म्हटले तर शेजारच्या खाटेवरचा नातेवाईक तोंडाला पदर लावतो आणि संध्याकाळपर्यंत गावात बातमी पोहोचते. म्हणून डॉक्टर सांकेतिक बोलतात. हेतू वाईट नसतो.

माझा आक्षेप पुढच्या पायरीला आहे. शेजाऱ्यापासून लपवण्यासाठी काढलेला शब्द हळूहळू रुग्णापासूनच लपवायला वापरला जातो. डॉक्टरांना ते सोयीचे पडते. 'टीबी' म्हटले की रडारड होते, दहा प्रश्न येतात, वीस मिनिटे समजावत बसावे लागते. 'कॉक्स' म्हटले की रुग्ण मान डोलावतो आणि जातो. एकाने तर मला सांगितले की त्याच्या छातीत 'बॉक्स' झाला होता. ऐकणाऱ्याला हसू येईल. पण त्या माणसाने चार महिने गोळ्या खाल्ल्या होत्या आणि कशासाठी, ते त्याला ठाऊक नव्हते.

दुसरा एक खलाशी. वय चाळिशीच्या आत, मच्छीमार बोटीवर काम, तीन आठवडे खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरलेले. नेहमीचा प्रश्न विचारला, पूर्वी कधी टीबी झाला होता का? "नाय. टीबी आमच्या घरान कोनाला नाय." मग थोड्या वेळाने आपणहून म्हणाला, "मना कॉक्स झालता, तीन वरसा आदी. बरा झाला तवा गोल्या सोरल्या." तो खोटे बोलत नव्हता. त्याला जे सांगितले गेले तेच त्याने सांगितले. खोकला थांबला आणि त्याने औषध थांबवले. छातीतला साधा जंतुसंसर्ग बरा झाल्यावर आपणही तेच करतो.

इथे औषधांचे काम कसे चालते ते समजून घ्यायला हवे. क्षयाचे जंतू सगळे एकाच चालीने वाढत नाहीत. बरेच झपाट्याने वाढत असतात. ते आयसोनियाझिडने पहिल्या काही दिवसांतच मोठ्या संख्येने मरतात. म्हणून ताप उतरतो, भूक लागते, दोन महिन्यांत माणूस धडधाकट दिसू लागतो. पण काही जंतू सुस्त पडून राहिलेले असतात. ते मधूनच हालचाल करतात आणि रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड यांच्या तावडीत थोडे थोडे सापडतात. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन, असे सहा महिने लागतात ते या सुस्त जंतूंसाठी. मधेच सोडले तर उरलेले जंतू डोके वर काढतात आणि त्यांत औषधाला न जुमानणारे निघण्याची शक्यता वाढते. मग उपचार अधिक अवघड होतात. 'टीबी' ऐकलेल्या माणसाला निदान एवढे माहीत असते की हा कोर्स लांबलचक आहे आणि सोडायचा नाही. गावोगावच्या भिंती, रेडिओ, शाळा यांनी ते त्याच्या डोक्यात बसवलेले आहे. 'कॉक्स'बद्दल भिंतीवर काहीच लिहिलेले नसते. लोकशिक्षणावर इतक्या वर्षांत सरकारने जे काही कमावले, ते या एका शब्दाने आपण पाण्यात घालतो.

यावर एक प्रतिवाद माझे सहकारी करतात. कागदावर 'कॉक्स' लिहिले तरी देशातल्या कुठल्याही डॉक्टरला कळते, मग रुग्णाला कळले नाही तर बिघडले कुठे? बिघडते ते असे की कागद टिकत नाहीत. बोटीवरचा कागद भिजतो. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात ती पावसाळ्याच्या तोंडाला परततात. त्या फेऱ्यात फाइल कुठल्या भट्टीवर राहिली ते त्यांनाही आठवत नाही. पुढच्या डॉक्टरपर्यंत जी माहिती खात्रीने पोहोचते ती रुग्णाच्या तोंडची. तिथेच आपण चुकीचा शब्द भरून ठेवला, तर ती वाट बंद. आता आपल्याकडे जनुकीय तपासणी आहे. ट्रूनॅट हे यंत्र तर शेजारच्या गोव्यातल्या कंपनीचे आहे. ते काही तासांत जंतू आहे की नाही आणि रिफाम्पिसिनला दाद देतो की नाही, हे सांगते. पण ती तपासणीसुद्धा आधी कुणाच्या तरी मनात टीबीची शंका आली तरच होते. आणि यंत्र हे सांगत नाही की तीन वर्षांपूर्वी त्या माणसाबरोबर बोटीच्या केबिनमध्ये आणखी कोण झोपत होते.

हा मुद्दा किनाऱ्याला विशेष लागू आहे. क्षयरुग्ण सापडला की घरातल्या सगळ्यांची तपासणी करायची आणि गरजेप्रमाणे त्यांना प्रतिबंधक औषध द्यायचे, असा राष्ट्रीय कार्यक्रमाचा नियम आहे. पण खलाशाचे घर कोणते? आठ-आठ, दहा-दहा दिवस तो समुद्रावर असतो. तांडेल आणि खलाशी एकाच छोट्या केबिनमध्ये दाटीवाटीने झोपतात, एकाच चुलीवरचे जेवतात. जून-जुलैच्या मासेमारी बंदीचे दोन महिने सोडले तर त्याचे खरे कुटुंब बोटीवरच. त्याला आपला आजार टीबी आहे हे माहीत असेल, तरच तो तांडेलाला सांगेल की बाकीच्यांनीही छाती तपासून घ्या. बरोबर उपचार सुरू झाले की पहिल्या काही आठवड्यांतच संसर्गाचा धोका झपाट्याने कमी होतो, हेही त्याला सांगता येईल. 'कॉक्स झालाय' असे त्याने सांगितले तर तांडेल म्हणेल, देव बरे करो, आणि नांगर उचलेल.

आता ज्याचे नाव आपण असे वापरतो, त्या माणसाकडे जरा पाहू. रॉबर्ट कॉख १८४३ मध्ये जन्मला. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये त्याने क्षयाचा जंतू दाखवला. जागतिक क्षयरोग दिन त्याच तारखेला असतो. पुढच्याच वर्षी पटकीचा शोध घेत तो इजिप्तमार्गे कलकत्त्याला आला. १८९७ मध्ये प्लेगच्या अभ्यासासाठी तो मुंबईत होता. आमच्या मांडव्याच्या धक्क्यावरून दिसते ती मुंबई. १९०५ मध्ये त्याला नोबेल मिळाले. एवढे सगळे खरे. पण १८९० मध्ये त्याने क्षयावर औषध सापडल्याचे जाहीर केले. त्याचे नाव ट्युबरक्युलिन. युरोपभरातून रुग्ण बर्लिनकडे धावले. त्यात काय आहे, हे मात्र कॉख सांगेना. १८९१ च्या जानेवारीत अखेर त्याने ते उघड केले. ग्लिसरीनमधला जंतूंचा अर्क, बस. औषध म्हणून ते निरुपयोगी होते; काहींना त्याने अपायच झाला. पुढे निदानाच्या चाचणीसाठी ते उपयोगी पडले, हे त्याचे नशीब. रुग्णाच्या अंगात काय टोचतो आहोत हे न सांगणाऱ्या माणसाचे नाव, रुग्णाला काय झाले आहे हे न सांगण्यासाठी वापरावे, हा योगायोग मला तरी गमतीचा वाटत नाही.

दुसरे असेच नाव 'हॅन्सन'. हॅन्सन म्हणजे हान्सचा मुलगा. नॉर्वेत हे नाव आपल्याकडच्या पाटलांसारखे घरोघरी. हवामानबदलाबाबत १९८८ मध्ये अमेरिकी सिनेटसमोर साक्ष देणारे जेम्स हॅन्सनही याच नावाचे. आपल्या दवाखान्यात मात्र हॅन्सन म्हणजे कुष्ठरोग. गेरहार्ड आर्मावर हॅन्सन या बर्गेनच्या डॉक्टरने १८७३ मध्ये कुष्ठाचा जंतू पाहिला. तो दुसऱ्याला लागतो हे सिद्ध करण्याच्या नादात १८७९ मध्ये त्याने एका रुग्ण बाईच्या डोळ्यात, तिची परवानगी न घेता, दुसऱ्या रुग्णाच्या गाठीतला अंश टोचला. १८८० मध्ये खटला झाला आणि रुग्णालयातली जागा त्याला सोडावी लागली. त्या काळात एका गरीब रुग्णाच्या बाजूने असा निकाल लागला, याचे मला आजही कौतुक वाटते.

मग हॅन्सनचे नावही टाकून द्यायचे का? इथे माझे मत वेगळे आहे, आणि त्याला कारण आहे. 'हॅन्सनचा आजार' म्हणा, हा आग्रह रुग्णांनीच धरला. अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिल येथील रुग्णालयात डांबलेल्या रुग्णांनी त्यासाठी वर्षानुवर्षे चळवळ केली, कारण इंग्रजीतला जुना शब्द शिवीसारखा वापरला जात होता. ब्राझीलने तर १९९५ मध्ये कायदा करून सरकारी कागदांतून जुना शब्द काढून टाकला. आपल्याकडे 'महारोग' मागे पडून 'कुष्ठरोग' रूढ झाला, तेही चांगलेच झाले. बाबा आमट्यांच्या संस्थेच्या नावात 'महारोगी' शब्द राहिला आहे, पण १९४९ मधला तो शब्द आज त्या संस्थेच्या कामामुळे आदराने घेतला जातो. आमच्या जिल्ह्यात पनवेलजवळ नेऱ्याच्या शांतिवनात गेलात तर कुणी कुजबुजत नाही. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यात होते, ते २०१९ मध्ये काढले गेले. हे सगळे उघडपणे झाले. नाव बदलले ते सर्वांना सांगून बदलले. कुलाबा जिल्ह्याचे १९८१ मध्ये रायगड झाले तेव्हा कुणाला आपण कुठल्या जिल्ह्यात राहतो याचा घोटाळा झाला नाही. 'कॉक्स' तसे नाही. ते कुठल्या रुग्णाने मागितले नव्हते, आणि ज्याला झाले त्याला त्याचा अर्थ कुणी सांगितला नाही.

'हॅन्सन'चाही असाच गैरवापर होतो, हे मान्य. चट्ट्यावर बधिरपणा असलेल्या जाळे ओढणाऱ्या माणसाला 'हॅन्सन आहे, बारा महिने गोळ्या' एवढेच सांगून पाठवले, तर दोरीने तळहात कापला तरी कळणार नाही, म्हणून रोज संध्याकाळी हात-पाय डोळ्यांनी तपासायचे, हे त्याला कोण समजावणार? जंतू गोळ्यांनी मरतो. बोटे वाचतात ती अशा रोजच्या तपासणीने.

आडनाव जोडले म्हणून वाईट, असेही नाही. 'अल्झायमर' हे एका जर्मन डॉक्टरचे आडनाव, पण आज घराघरांत ते उच्चारले की काय ते कळते. 'वेगेनर' हे नाव मात्र वैद्यकाने २०११ मध्ये बाजूला ठेवले, कारण तो डॉक्टर नाझी पक्षाचा सभासद होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये नव्या आजारांना माणसांची, गावांची नावे देऊ नका असे सांगितले. ते सर्व ठीक. मला रॉबर्ट कॉखचे नाव पुस्तकातून पुसायचे नाही. माझी मागणी छोटी आहे. रुग्णाला त्याच्या भाषेत त्याच्या आजाराचे नाव कळले पाहिजे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्कांच्या सनदेत पहिलाच हक्क माहितीचा आहे.

वॉर्डात मोठ्याने बोलू नये, हे मी वर म्हटलेच. पण त्यावर उपाय परकी आडनाव नाही. त्यावर उपाय दार लावता येईल अशी एक खोली, दोन खुर्च्या आणि दहा मिनिटे. गर्दीच्या सरकारी रुग्णालयात या तिन्ही गोष्टी महाग आहेत, हे मला कुणी सांगायला नको. तरी त्या मिळवाव्या लागतात. लग्नाच्या मुलीच्या आईला मी तिथे बसवतो आणि सांगतो की कागदावर टीबीच लिहिले जाणार, पण तो कागद शेजारणीला दाखवायचा नाही, तेवढे तुमच्या हातात आहे. सहा महिन्यांनी मुलगी बरी होईल. तिची ताटवाटी वेगळी ठेवायची गरज नाही. मुलीशीही वेगळे बोलतो, कारण आजार तिला आहे, आईला नाही. बायकांच्या बाबतीत हे फार महत्त्वाचे. गर्भाशयाचा किंवा गर्भनलिकांचा टीबी वंध्यत्वाचे कारण ठरू शकतो. पुढे मूल होण्यासाठी उपचार घ्यायला ती गेली आणि पूर्वी काय झाले होते असे विचारल्यावर 'काही नाही' म्हणाली, तर तपास उलट्या दिशेने सुरू होतो.

शिवाय पैशाचा मुद्दा आहेच. टीबीची नोंद करणे २०१२ पासून खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे. नोंद झाली की निक्षय पोषण योजनेचे पैसे थेट बँक खात्यात येतात. २०१८ पासून महिना ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. खात्यात पैसे आल्याचा संदेश मोबाइलवर येतो, आणि ज्याला 'कॉक्स' सांगितले आहे तो बुचकळ्यात पडतो की सरकार आपल्याला टीबीचे पैसे का देत आहे. जगातल्या दर चार क्षयरुग्णांपैकी साधारण एक भारतात आहे. त्यांतल्या कुणालाही आपल्या आजाराचे नाव मोबाइलच्या संदेशातून कळावे, हे बरे नव्हे.

वाचकांपैकी कुणाच्या घरी जुन्या फायली असतील तर एकदा काढून पाहा. इंग्रजीत 'कॉक्स', 'एकेटी', 'एटीटी', 'पीटीबी' किंवा 'पॉट्स' असे काही लिहिलेले दिसले, तर ते टीबीबद्दल असण्याचा संभव आहे. कुणाला झाला होता, कोणत्या साली, किती महिने औषध घेतले आणि पूर्ण केले की मध्येच सोडले, हे साध्या मराठीत एका कागदावर लिहून फाइलीच्या वर लावा. मधुमेह नव्याने निघाला असेल, संधिवातासाठी स्टिरॉइड सुरू होणार असतील, मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा तीन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल, तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता तो कागद पुढे करा. आणि नव्याने कुणी 'कॉक्स आहे' असे सांगितले, तर तिथेच विचारा, म्हणजे टीबी का? उत्तर 'हो' आले तर पुढचे तीन प्रश्न: थुंकीची जनुकीय तपासणी झाली का, औषध नेमके किती महिने, आणि घरातल्या किंवा बोटीवरच्या कुणाकुणाला तपासायला आणू?